उद्ध्वस्त देशांची उभारणी आणि परकी मदत : मार्शल योजनेचा आढावा

मोठे युद्ध संपले की जिंकलेल्या आणि हरलेल्या दोन्ही देशांपुढे सारखाच हिशेब येतो. पूल पडलेले असतात, खाणींत पाणी भरलेले असते, शेतकऱ्याकडे बियाणे आणि खत नसते. हे सारे पुन्हा उभे करायला जी यंत्रे, जो कोळसा, जे धान्य लागते ते ज्या देशाकडे शिल्लक असते, त्या देशाचे चलन मात्र जवळ नसते. निर्यात करून ते मिळवावे, तर निर्यातीचा माल तयार करणारे कारखानेच बंद पडलेले असतात. या कोंडीतून बाहेर पडण्याचे तीन मार्ग विसाव्या शतकात वापरले गेले : हरलेल्याकडून युद्धखंडणी वसूल करणे, बाहेरून कर्ज काढणे आणि सधन देशाकडून परत न करण्याच्या बोलीवर मदत घेणे. तिसऱ्या मार्गाचे सर्वांत मोठे आणि सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे १९४८ ते १९५१ या काळात पश्चिम युरोपात राबवली गेलेली मार्शल योजना.

पहिल्या महायुद्धानंतर पहिल्या दोन मार्गांचीच चलती होती. १९२१ मध्ये जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची खंडणी बसवण्यात आली. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी युद्धकाळात अमेरिकेकडून घेतलेली कर्जे माफ करायला अमेरिका तयार नव्हती. त्यामुळे ते देश जर्मनीकडून वसुली करण्यावर अडून बसले. १९२४ च्या डॉझ योजनेनंतर अमेरिकी सावकारांचा पैसा जर्मनीत जाऊ लागला. त्या पैशातून जर्मनी खंडणी भरी, आणि खंडणीतून ब्रिटन व फ्रान्स अमेरिकेचे हप्ते फेडत. १९२९ च्या मंदीत अमेरिकी कर्जांचा ओघ आटला आणि हे रहाटगाडगे थांबले. १९३२ मध्ये लोझान परिषदेत खंडणी जवळजवळ सोडूनच द्यावी लागली. तोवर जर्मनीतील बेकारीने हिटलरला सत्तेच्या दारापर्यंत आणून सोडले होते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स याने १९१९ मध्येच पॅरिस शांतता परिषदेतील शिष्टमंडळातून राजीनामा देऊन, ही वसुली अखेरीस वसूल करणाऱ्यांनाही बुडवील, असा इशारा दिला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर धोरण आखणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा अनुभव स्वतः पाहिलेला होता, आणि त्यांच्या निर्णयांवर त्याची छाया स्पष्ट दिसते.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, नोव्हेंबर १९४३ मध्ये, ४४ राष्ट्रांनी मिळून 'अनरा' ही मदत व पुनर्वसन संस्था स्थापन केली. भारतही तिचा सभासद होता. अन्न, कपडे, औषधे, बी-बियाणे आणि जनावरे पुरवणे, निर्वासितांना सांभाळणे व घरी पोहोचवणे हे तिचे काम. चीन, पोलंड, इटली, युगोस्लाव्हिया आणि ग्रीस या देशांना तिची सर्वाधिक मदत झाली. खर्चाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भार अमेरिकेने उचलला. या संस्थेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारची मान्यता १९४५ मध्ये गेल्यावर या लोकांना वाली उरला नाही, तेव्हा त्यांच्या देखभालीची जबाबदारी अनराकडे आली. मात्र अनराचे काम संकटनिवारणाचे होते, उभारणीचे नव्हते. भुकेल्या गावाला गहू पोहोचवणे तिला जमले, पण त्या गावाला पुढच्या वर्षी स्वतःचा गहू विकत घेता येईल अशी सोय करणे तिच्या आवाक्याबाहेर होते. शिवाय पूर्व युरोपात आपला पैसा साम्यवादी सरकारांच्या हाती जातो अशी ओरड अमेरिकेत वाढली आणि १९४७ मध्ये युरोपातील तिचे काम गुंडाळले गेले.

उभारणीसाठी म्हणून मुद्दाम घडवलेली संस्था होती जागतिक बँक. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथील परिषदेत ती आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचा आराखडा ठरला. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख भारतीय शिष्टमंडळात होते. युद्धात पडझड झालेल्या देशांबरोबर मागासलेल्या देशांच्या विकासाचाही विचार व्हावा, हा आग्रह त्या शिष्टमंडळाने लावून धरला. बँकेने पहिले कर्ज मे १९४७ मध्ये फ्रान्सला दिले, २५ कोटी डॉलरचे. युरोपाची गरज मात्र त्याच्या कित्येक पटींनी मोठी होती, आणि बँकेला पैसा बाजारातूनच उभा करायचा असल्याने ती हात राखून कर्ज देत होती.

कर्जाचा मार्ग किती खडतर होता हे ब्रिटनने अनुभवले. युद्धकाळात अमेरिकेकडून उधार-उसनवारीच्या कायद्याखाली येणारा माल राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये एकाएकी थांबवला. केन्सने वॉशिंग्टनला जाऊन ३ अब्ज ७५ कोटी डॉलरचे कर्ज २ टक्के व्याजाने मिळवले. पौंडाचे डॉलरमध्ये मुक्त रूपांतर करू द्यावे, ही अट त्याला जोडलेली होती. १५ जुलै १९४७ रोजी ब्रिटनने ती पाळली आणि ज्याच्या हाती पौंड होता तो डॉलर मागू लागला. पाच आठवड्यांत गंगाजळी इतकी घटली की २० ऑगस्टला रूपांतर बंद करावे लागले. या कर्जाचा अखेरचा हप्ता ब्रिटनने २९ डिसेंबर २००६ रोजी भरला.

ब्रिटनच्या ताळेबंदात याच वेळी भारताचेही मोठे देणे होते. युद्धकाळात भारतातून सैन्यासाठी धान्य, कापड, तंबू, दारूगोळा उचलला गेला आणि त्याची किंमत लंडनमध्ये भारताच्या नावे पौंडांत जमा होत राहिली. ही पौंड-शिल्लक युद्ध संपताना सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली होती. तिच्यामागे भारतातील भाववाढ, कापडाची टंचाई आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ उभा होता. ब्रेटन वुड्सला देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रक्कम सोडवण्याची सोय नाणेनिधीत करावी अशी मागणी केली, पण ती फेटाळली गेली. शिल्लक गोठवून ठेवली गेली आणि पुढची कित्येक वर्षे करारांनी थोडी-थोडी मोकळी झाली. युद्धोत्तर उभारणीच्या इतिहासात युरोपाला मिळालेल्या मदतीचे पान ठळक अक्षरांत छापले जाते. गरीब वसाहतीने विजेत्याला दिलेल्या या सक्तीच्या उधारीचे पान त्याच्या शेजारीच असायला हवे.

१९४६-४७ चा हिवाळा युरोपाला फार कडक गेला. ब्रिटनमध्ये कोळसा खाणींच्या तोंडाशी अडकला, कारखान्यांची वीज तोडावी लागली. युद्धाच्या सहा वर्षांत कधी न झालेले पावाचे रेशनिंग तेथे जुलै १९४६ पासूनच चालू होते. फ्रान्समध्ये गव्हाचे पीक बुडाले. जर्मनीच्या ब्रिटिश व अमेरिकी विभागांत दिवसाला १,५०० उष्मांकांचे ठरलेले रेशनसुद्धा अनेकदा हाती पडत नसे. अन्नटंचाईच्या मुळाशी आणखी एक बिघाड होता. शहरांत घ्यायला वस्तू नाहीत आणि चलनाला किंमत नाही, म्हणून शेतकरी धान्य बाजारात आणीना. तो ते जनावरांना घाली किंवा घरात साठवी. धान्य मिळत नाही म्हणून शहरातला कामगार अर्धपोटी राही आणि कारखाने वस्तू काढू शकत नसत. अमेरिकी परराष्ट्र खात्यातील अधिकारी विल्यम क्लेटन यांनी युरोपातून परतल्यावर मे १९४७ मध्ये लिहिलेल्या टिपणात शहर आणि खेडे यांच्यातील तुटलेल्या देवघेवीवर भर दिला.

राजकीय बाजूही तितकीच निकडीची होती. ग्रीस आणि तुर्कस्तानला सांभाळणे आपल्याला झेपत नाही, असे ब्रिटनने फेब्रुवारी १९४७ मध्ये अमेरिकेला कळवले. १२ मार्चला ट्रूमन यांनी त्या दोन देशांसाठी ४० कोटी डॉलर मागताना साम्यवादाला अटकाव हेच उघड कारण दिले. फ्रान्स आणि इटलीत साम्यवादी पक्षांना मोठा जनाधार होता. अशा वातावरणात ५ जून १९४७ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात छोटेसे भाषण केले. त्यात आकडा नव्हता, मुदत नव्हती, देशांची यादी नव्हती. मुख्य मुद्दे दोन : हे धोरण कोणत्याही देशाविरुद्ध नसून भूक, दारिद्र्य आणि गोंधळ यांच्याविरुद्ध आहे, आणि योजना युरोपीय देशांनी एकत्र बसून स्वतः आखली पाहिजे. योजनेचे यश पुढे या दुसऱ्या अटीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहिले.

ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी संधी ताबडतोब ओळखली. फ्रान्सचे बिदो आणि सोव्हिएत संघाचे मोलोटोव्ह यांच्यासह जूनअखेर पॅरिसमध्ये बैठक झाली. प्रत्येक देशाने आपल्या गरजांची वेगळी यादी द्यावी, असे मोलोटोव्ह यांचे म्हणणे होते. संयुक्त योजना म्हणजे आपले हिशेब दुसऱ्यांना उघडे करणे आणि पूर्व युरोपावरची पकड सैल करणे, हे मॉस्कोला नको होते. २ जुलैला ते उठून गेले. चेकोस्लोव्हाकियाने आमंत्रण स्वीकारले होते. पंतप्रधान गॉटवाल्ड आणि परराष्ट्रमंत्री यान मासारिक यांना मॉस्कोला बोलावण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी त्या देशाने होकार मागे घेतला. पोलंड, हंगेरी यांनाही बाहेर राहावे लागले. सोव्हिएत संघाने नकार द्यावा अशीच प्रस्तावाची मांडणी होती, हे अमेरिकी धोरणकर्त्यांच्या नंतरच्या लिखाणावरून उघड झाले आहे. तरीही चेकोस्लोव्हाकियाला मिळालेली वागणूक कोणत्याही प्रचारापेक्षा अधिक बोलकी ठरली.

१६ देश जुलै १९४७ मध्ये पॅरिसला जमले आणि ऑलिव्हर फ्रँक्स यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी चार वर्षांचा आराखडा तयार केला. अमेरिकी काँग्रेसमध्ये रिपब्लिकन पक्षाचे बहुमत होते आणि परदेशात पैसा ओतायला अनेकांचा विरोध होता. सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग यांनी आपल्या पक्षाला वळवले. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये साम्यवाद्यांनी सत्ता हस्तगत केली तेव्हा उरलासुरला विरोध मावळला. ३ एप्रिल १९४८ रोजी ट्रूमन यांनी कायद्यावर सही केली. त्याच महिन्यात टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन बंदरातून सुमारे ९,००० टन गहू घेऊन 'जॉन एच. क्विक' हे जहाज फ्रान्सच्या बोर्दोकडे निघाले.

योजना राबवण्यासाठी आर्थिक सहकार्य प्रशासन ही स्वतंत्र संस्था वॉशिंग्टनमध्ये निर्माण झाली. तिचे प्रमुख पॉल हॉफमन हे स्टुडबेकर या मोटार कंपनीचे अध्यक्ष होते, परराष्ट्र खात्यातले नोकर नव्हते. पॅरिसमध्ये अॅव्हरेल हॅरिमन विशेष प्रतिनिधी होते. समोर युरोपीय देशांची स्वतःची संघटना होती, १६ एप्रिल १९४८ रोजी स्थापन झालेली आणि रोबेर मार्जोलँ हे सरचिटणीस असलेली. कोणाला किती वाटा, यावर प्रत्येक देशाने दुसऱ्याचे आकडे तपासून वाद घालायचे अशी पद्धत होती. काही वर्षांपूर्वी एकमेकांवर बॉम्ब टाकणारे देश एका टेबलाभोवती एकमेकांचे अंदाजपत्रक वाचत बसले, ही गोष्ट किरकोळ नव्हती.

मदतीची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे, कारण मदत म्हणजे डॉलरच्या थैल्या असा समज सर्रास असतो. फ्रान्समधल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर हवा असेल, तर तो त्याची किंमत फ्रँकमध्ये मोजी. ट्रॅक्टर बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीला डॉलर मिळत ते अमेरिकेच्या तिजोरीतून. शेतकऱ्याचे फ्रँक फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेत एका वेगळ्या खात्यात जमा होत. या काउंटरपार्ट फंडातला ५ टक्के हिस्सा अमेरिकेच्या खर्चासाठी राही आणि ९५ टक्के रक्कम अमेरिकेच्या संमतीने तो देशच वापरी. म्हणजे एकाच डॉलरने दोन कामे होत : बाहेरून यंत्र येई आणि आत गुंतवणुकीसाठी स्थानिक भांडवल उभे राही. भारतात १९५४ नंतर पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या अमेरिकी गव्हाची किंमत रुपयांत जमा होत असे, ती रचना याच कुळातली. १९७४ मध्ये अमेरिकेने त्यातील १,६६४ कोटी रुपयांवरचा हक्क सोडून दिला, तेव्हा या खात्यात पैसा किती साठतो हे भारतीयांच्याही लक्षात आले.

हा निधी प्रत्येक देशाने आपापल्या गरजेप्रमाणे वापरला. फ्रान्सने तो झाँ मोने यांच्या आधुनिकीकरण योजनेत घातला आणि वीज, कोळसा, पोलाद, रेल्वे यांवर भर दिला. ब्रिटनने मोठा भाग सरकारी कर्ज फेडण्याकडे वळवला. इटलीत रेल्वे, जमीनसुधारणा आणि दक्षिणेचा मागास भाग यांवर खर्च झाला. ऑस्ट्रियातील काप्रुन जलविद्युत प्रकल्प मुख्यतः याच पैशावर पूर्ण झाला. पश्चिम जर्मनीने सर्वांत दूरदर्शी वापर केला, असे म्हणावे लागेल. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेमार्फत त्यांनी हा पैसा दान म्हणून न वाटता कर्जाऊ दिला. आलेल्या हप्त्यांतून पुन्हा कर्जे दिली गेली. या निधीतून जर्मनीतील छोट्या उद्योगांना आजही कर्ज मिळते.

एकूण मदत सुमारे १३ अब्ज डॉलर झाली. ब्रिटनला सुमारे ३.२ अब्ज, फ्रान्सला २.७ अब्ज, इटलीला १.५ अब्ज, पश्चिम जर्मनीला १.४ अब्ज आणि नेदरलँड्सला १.१ अब्ज असे मोठे वाटे होते. तिचा बहुतांश भाग अनुदानाचा होता, थोडा कर्जाचा. चार वर्षांचा एकत्रित खर्च अमेरिकेच्या १९४८ या एका वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास येतो. सुरुवातीच्या जहाजांत धान्य, चारा, खत जास्त होते. नंतर कापूस, इंधन, कच्चा माल आणि यंत्रे वाढत गेली. युरोपीय कामगार आणि व्यवस्थापक यांची पथके अमेरिकी कारखाने पाहायला नेण्यात आली.

अमेरिकेचे स्वतःचे हित यात पुरेपूर होते आणि ते लपवलेही गेले नव्हते. निम्मा माल अमेरिकी जहाजांतूनच न्यायचा, अशी कायद्यातच तरतूद होती. अमेरिकी शेतकऱ्यांच्या शिल्लक मालाला, अगदी तंबाखूलाही, गिऱ्हाईक मिळाले. राजकीय दबाव त्याहून उघड होता. १८ एप्रिल १९४८ च्या इटलीतील निवडणुकीआधी मार्शल यांनी साम्यवादी सरकार आल्यास मदत बंद होईल असे जाहीर केले. दबाव नेहमीच वाईटासाठी वापरला गेला असेही नाही. नेदरलँड्सला एकीकडे ही मदत मिळत होती आणि दुसरीकडे ते इंडोनेशियातील स्वातंत्र्ययुद्ध चिरडू पाहत होते. डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी दुसरी लष्करी मोहीम काढली, तेव्हा इंडोनेशियासाठीची रक्कम अमेरिकेने थांबवली. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी नवी दिल्लीत इंडोनेशियाच्या प्रश्नावर आशियाई देशांची परिषद भरवली होती. नेदरलँड्सचीही मदत तोडावी, ही मागणी अमेरिकी सिनेटमध्ये जोर धरू लागली, आणि वर्षअखेर, २७ डिसेंबर १९४९ रोजी, डचांनी सत्ता सोडली. फ्रान्सच्या व्हिएतनाममधील युद्धाबाबत मात्र अमेरिकेने असा हात उगारला नाही. तेथे साम्यवादविरोध वसाहतविरोधावर मात करून गेला.

मदतीइतकीच महत्त्वाची ठरली ती तिच्याभोवतीची व्यवस्था. पश्चिम जर्मनीत २० जून १९४८ रोजी नवा मार्क आला आणि लुडविग एर्हार्ड यांनी बहुतेक किंमतनियंत्रणे उठवली. दडवलेला माल दुकानांच्या काचांमागे रातोरात दिसू लागला. याच चलनबदलावरून सोव्हिएत संघाने बर्लिनची नाकेबंदी केली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर झाले, भारताचा रुपयाही त्याच्यासोबत घसरला, आणि युरोपीय माल डॉलरच्या बाजारात विकणे सोपे झाले. १९५० मध्ये युरोपीय देणी संघ उभा राहिला. त्याआधी युरोपातील व्यापार दोन-दोन देशांतल्या करारांत जखडलेला होता. बेल्जियमकडून कमावलेले इटलीत खर्च करता येत नसे. अमेरिकेने दिलेल्या ३५ कोटी डॉलरच्या आधारावर या संघाने सर्व देशांचे देणे-घेणे एकत्र वळते केले. १३ अब्जांपैकी सर्वांत सत्कारणी लागलेला पैसा कोणता असे विचारले, तर बहुधा या ३५ कोटींकडेच बोट दाखवावे लागेल.

जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटल्यावर अमेरिकेचे लक्ष शस्त्रसज्जतेकडे वळले आणि १९५१ अखेर योजना संपली. मदत घेणाऱ्या देशांचे औद्योगिक उत्पादन तोवर १९३८ पेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी वाढले होते.

या वाढीचे श्रेय मदतीला किती द्यायचे, यावर इतिहासकार व अर्थतज्ज्ञ यांच्यात दीर्घ वाद आहे. सुरुवातीच्या लेखनात मार्शल योजनेने युरोप वाचवला असे सरळ सांगितले जाई. ब्रिटिश इतिहासकार अॅलन मिलवर्ड यांनी १९८४ मध्ये त्याला जोरदार छेद दिला. त्यांच्या मते १९४७ मध्ये युरोप कोसळत नव्हता. उलट गुंतवणूक इतकी जोरात चालली होती की यंत्रांच्या आयातीसाठी डॉलर पुरेनात. संकट होते ते डॉलरच्या टंचाईचे. पश्चिम जर्मनीबद्दल व्हेर्नर आबेल्सहाउझर यांनीही पहिली मोठी मदत पोहोचण्याआधीच उत्पादनाने उचल खाल्ल्याचे दाखवले. बॉम्बवर्षावात घरे आणि रेल्वे जितकी गेली, तितकी कारखान्यांतील यंत्रे गेली नव्हती. आकडेही या बाजूला आधार देतात. मदत घेणाऱ्या देशांच्या राष्ट्रीय उत्पन्नाशी तिचे सरासरी प्रमाण दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास होते. ऑस्ट्रिया आणि नेदरलँड्ससारख्या देशांतच पहिल्या वर्षी ते दहा टक्क्यांच्या वर गेले. ब्रॅडफर्ड डीलाँग आणि बॅरी आयकेनग्रीन यांनी नव्वदीच्या दशकात मधली वाट धरली : मदतीमुळे थेट वाढलेली गुंतवणूक थोडी, पण मदतीच्या आधाराने सरकारांना भाववाढ आवरणे, अंदाजपत्रक सावरणे आणि व्यापार खुला करणे शक्य झाले.

हे मत सर्वांत पटण्यासारखे आहे. लोकशाही सरकारला उपाशी जनतेकडून आणखी काटकसर करून घेता येत नाही. फ्रान्स आणि इटलीत १९४७ च्या शरद ऋतूत संपांनी सरकारे हादरली होती. डॉलर आले नसते तर आयात तोडावी लागली असती, आणि तिचा भार कामगाराच्या ताटावरच पडला असता. उत्पादन दोन टक्क्यांनी वाढवणारी मदत म्हणून तिचे मोजमाप करणे अपुरे आहे, कारण लोकांना सोसण्याजोग्या वेगाने अर्थव्यवस्था बदलायला तिने अवधी मिळवून दिला.

पूर्वेकडे पाहिले की खंडणीच्या मार्गाची किंमत कळते. सोव्हिएत संघाचा विध्वंस कोणत्याही पाश्चात्त्य देशाहून भयंकर होता, आणि त्याची खंडणीची मागणी न्यायाला धरून होती. त्याने आपल्या ताब्यातील जर्मन भागातून कारखाने उखडून नेले, लोहमार्गांचे दुसरे रूळ काढून नेले, आणि १९५३ पर्यंत चालू उत्पादनातून वसुली केली. फिनलंडनेही १९५२ पर्यंत जहाजे आणि यंत्रे देऊन खंडणी फेडली. पश्चिमेत मात्र फेब्रुवारी १९५३ च्या लंडन करारात जर्मनीची युद्धपूर्व आणि युद्धोत्तर परकी कर्जे जवळजवळ निम्म्यावर आणली गेली आणि हप्ते निर्यातीच्या कुवतीशी बांधले गेले. मार्शल मदतीची बरीचशी परतफेडही त्यातच सुटली. प्रसिद्धी मार्शल योजनेला मिळाली, तरी जर्मनीच्या भरभराटीत या कर्जसवलतीचा वाटा कमी नव्हता.

जपानची कथा थोडी निराळी. तेथे ताबा घेतलेल्या अमेरिकी सैन्यामार्फत १९४६ ते १९५१ मध्ये सुमारे दोन अब्ज डॉलरची मदत आली, मुख्यतः अन्न आणि कच्च्या मालाच्या रूपाने. डेट्रॉइटचे बँकर जोसेफ डॉज यांनी १९४९ मध्ये अंदाजपत्रक सक्तीने संतुलित करवले आणि डॉलरचा दर ३६० येन ठरवला. मंदीची चाहूल लागली असतानाच कोरियन युद्धातील लष्करी खरेदीने जपानी कारखान्यांना काम मिळाले. शेजाऱ्याच्या विनाशातून आलेली ही भरभराट होती, हे विसरता येत नाही. भारताने जून १९५२ च्या स्वतंत्र शांतता तहात जपानकडून खंडणी मागण्याचा हक्क सोडला. १९५८ मध्ये जपानने परदेशाला दिलेले पहिले येन कर्ज भारतालाच मिळाले.

युरोपाची जबाबदारी मार्शल योजनेने उचलल्यावर जागतिक बँकेचा मोर्चा विकासाकडे वळला. ऑगस्ट १९४९ मध्ये भारताला तिचे पहिले कर्ज रेल्वेसाठी मिळाले. गरीब देशांसाठी स्वतंत्र मार्शल योजना हवी, अशी मागणी तेव्हापासून वारंवार होत आली. ट्रूमन यांच्या 'पॉइंट फोर' कार्यक्रमाने किंवा कोलंबो योजनेने ती पुरी केली नाही. या मागणीत एक गफलतही आहे. पश्चिम युरोपाकडे कुशल कामगार, अभियंते, बँका, न्यायालये, करवसुली करणारी सरकारे होती. मोडले होते ते यंत्र, चालवणारे हात शाबूत होते. जिथे हे सारे नव्याने घडवायचे असते, तिथे चार वर्षांची मदत पुरत नाही. दक्षिण कोरियाला युद्धानंतर दशकभराहून अधिक काळ अमेरिकी मदतीवर चालावे लागले. जमीनसुधारणा आणि शालेय शिक्षण यांचा पाया तिथे घातला गेला, म्हणूनच साठीच्या दशकानंतर त्या मदतीचे चीज झाले.

अलीकडच्या युद्धांनंतरचा अनुभवही हेच सांगतो. बोस्नियात १९९५ च्या डेटन करारानंतर सुमारे पाच अब्ज डॉलरचा पुनर्बांधणी कार्यक्रम झाला. घरे आणि पूल उभे राहिले, पण दुभंगलेली राज्यव्यवस्था तशीच राहिली. इराकमध्ये अमेरिकेने २००३ नंतर सुमारे ६० अब्ज डॉलर पुनर्बांधणीवर खर्च केले आणि तिच्याच विशेष महानिरीक्षकांनी त्यातील उधळपट्टीचे अहवाल लिहिले. अफगाणिस्तानात दोन दशकांत हा आकडा सुमारे १४५ अब्जांवर गेला, म्हणजे आजच्या किमतीने पाहता मार्शल योजनेपेक्षाही अधिक. त्यातील निम्म्याहून जास्त पैसा सैन्य आणि पोलीस उभारण्यात गेला, आणि ती दले ऑगस्ट २०२१ मध्ये काही आठवड्यांत कोसळली. भारताने तेथे झरंज-देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता, हेरातजवळचे सलमा धरण आणि काबूलची संसद इमारत बांधून दिली. रस्ता आणि धरण लोकांच्या उपयोगी राहिले, संसद मात्र उरली नाही. या देशांत योजना बाहेरून आखली गेली आणि कंत्राटदारही बाहेरून आले. मार्शल यांच्या भाषणातील मुख्य अटीच्या हे नेमके उलट होते.

युक्रेनच्या पुनर्बांधणीला दहा वर्षांत ५२४ अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज जागतिक बँक आणि तिच्या सहकारी संस्थांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. युरोपीय संघाने २०२४ ते २०२७ साठी ५० अब्ज युरो मंजूर केले, पैकी ३३ अब्ज कर्जाऊ आणि १७ अब्ज अनुदान. पाश्चात्त्य देशांत गोठवलेल्या सुमारे ३०० अब्ज डॉलरच्या रशियन मालमत्तेवरील उत्पन्नाच्या तारणावर आणखी ५० अब्ज डॉलरचे कर्ज उभारले गेले. या साऱ्या मदतीत युद्धखंडणी, कर्ज आणि अनुदान हे तिन्ही जुने मार्ग एकत्र आले आहेत. युक्रेनकडे अभियंते आहेत, कामगार आहेत, चालते सरकार आहे. मार्शल योजनेचे पहिले जहाज निघाले तेव्हा युरोपातील तोफा थंडावून जवळजवळ तीन वर्षे झाली होती. युक्रेनमध्ये मात्र २०२२ पासून मदतीच्या पैशातून दुरुस्त झालेली वीजकेंद्रे पुन्हा पुन्हा क्षेपणास्त्रांखाली सापडली.